वन्संची दुरुस्ती

सोलापुरात चुकीचं इंग्रजी बोलून माझ्या थोरल्या नणंदेच्या तावडीतून सुटलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. वन्सं मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या. पण शाळेनं त्यांना सोडलं तरी त्यांनी कुणाला सोडलं नाही. त्यांचा खास जीव क्रियापदांवर. कुठल्या क्रियापदापुढे 'टू' घालायचा आणि कुठल्यापुढे 'आयएनजी', हे त्यांना घरातल्यांच्या पथ्यपाण्यासारखं पाठ. "'एन्जॉय'ला 'टू' सोसत नाही," हे वन्सं, कुणाला वांगं सोसत नाही म्हणावं तसं सांगतात. माझ्या लेकीला बघायला आलेला मुलगा "आय एन्जॉय टू ट्रॅव्हल" म्हणाला, तर वन्संनी त्याची पोह्यांची बशी हातातच धरून ठेवली. "ट्रॅव्हलिंग" म्हटल्यावरच बिचाऱ्याला पोहे मिळाले. लग्न झालं, जावई मात्र त्यांच्यासमोर अजून मराठीच बोलतात.

एकदा आम्ही दोघी अक्कलकोटला निघालो होतो. माझं इंग्रजी सुधारायचं त्यांनी मनावर घेतलं होतं, म्हणून एसटीत बसल्यावर मी घाबरत म्हणाले, "आय फरगॉट लॉकिंग द डोअर." वन्सं निवांत. "'लॉकिंग' म्हणालीस ना? म्हणजे कुलूप लावलंयस, फक्त लावल्याचं आठवत नाहीय. लावायचंच राहिलं असतं तर 'टू लॉक' झालं असतं." संध्याकाळी परतलो तर दार सताड उघडं! "व्याकरणानं बंदच होतं," वन्सं म्हणाल्या आणि चपला काढून आत गेल्या.

गेल्या दिवाळीआधी त्यांच्याबरोबर चादरी घ्यायला गेले. दुकानात घड्या घालणारी चाळिशीतली एक बाई एकदम पुढे येऊन त्यांच्या पाया पडली.

"ओळखलं का बाई? मी पद्मा. आठवीला होते तुमच्याकडं."

"पद्मा! अगं, एवढी हुशार तू. मधेच शाळा का सोडलीस?"

पद्मा जरा गोंधळली. तेव्हा तिची आई आजारी पडली होती, घरात विड्या वळायला दुसरं कुणी नव्हतं. म्हणून तिनं मैत्रिणीच्या हाती बाईंना चिठ्ठी धाडली होती, मोठ्या हौसेनं इंग्रजीत. 'आय स्टॉप टू कम टू स्कूल. आय वॉन्ट टू लर्न.' शाळेत येणं थांबलंय, पण मला शिकायचंय.

"तुमी लाल शाईनं लिहून परत पाठवलं की बाई. 'स्टॉप कमिंग टू स्कूल.' मला वाटलं, येऊ नको म्हणताय. मग नाही आले." ती हे हसत सांगत होती. राग कुठंच नव्हता.

वन्संनी समोरच्या चादरीवर हात टेकला. म्हणाल्या, "दुसरं वाक्य बरोबर होतं तुझं. म्हणून मी त्याच्याकडं बघितलंच नाही गं." मग एकदम, "आता शिकवते. येशील?"

"आता कुठं बाई," पद्मा म्हणाली. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि ती वळली.

आम्ही चादर न घेताच निघालो. रिक्षात वन्सं बाहेर बघत बसल्या होत्या. घर जवळ आल्यावर इतकंच म्हणाल्या, "शाळेपासून दहा मिनिटांवर राहायची ती. चालत."