पाडव्याची म्हैस आणि पंचायतीचा भोंगा

आमच्या गावात माझा आवाज ओळखत नाही असं माणूस सापडायचं नाही, आणि माझं नाव विचारलंत तर निम्मं गाव डोकं खाजवेल. "ती गं, भोंग्यावरची," एवढ्यावर सगळ्यांचं भागतं. मी ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर दाखले काढून देते. जुने शिपाई निवृत्त झाले तेव्हा पंचायतीच्या छतावरच्या भोंग्यावरून गावाला सूचना द्यायचं काम तात्पुरतं म्हणून माझ्या गळ्यात पडलं. ते तात्पुरतं अजून संपलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, आता ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आहे, गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, मग भोंगा कशाला? त्या ग्रुपवर काय येतं ते मला विचारा. गुड मॉर्निंगची फुलं, पुढाऱ्यांचे वाढदिवस आणि कुणाच्या तरी मेव्हण्याचा नवा ट्रॅक्टर. शिवाय उसाला पाणी पाजणारा माणूस पाटात उभा असतो, हात चिखलानं भरलेले. तो ऐकू शकतो, मोबाईल काढून वाचत बसू शकत नाही. म्हणून लोक डेअरीत दूध घालून परतले की मी माईक चालू करते आणि "ग्रामस्थांना कळविण्यात येते की" म्हणून सुरुवात करते. शेतीपंपांना या आठवड्यात लाईट रात्रीची आहे. लाळ्या-खुरकुताची लस मराठी शाळेजवळ टोचली जाईल, जनावरं घेऊन यावीत. खालच्या गल्लीत एक शेळी हरभऱ्यात सापडली आहे, मालकाने ओळख पटवून न्यावी आणि हरभऱ्याचं काय ते आपसात बघावं. हे शेवटचं माझ्या पदरचं असतं. सरपंच कपाळाला हात लावतात, पण भांडणं पंचायतीत येण्याऐवजी गल्लीतच मिटतात हे त्यांनाही कळतं.

मयताची सूचना मात्र वेगळ्या आवाजात द्यायची. सावकाश, दोनदा, रक्षाविसर्जनाची वेळ नीट सांगून. त्या दिवशी माझ्या पदरचं काही नसतं.

सांगायचा मुद्दा असा की गावातल्या झाडून सगळ्यांची नावं मी त्या भोंग्यावरून घेतली आहेत. पाणीपट्टी थकवणाऱ्याचं, कुस्तीत ढाल जिंकणाऱ्याचं, पोरगी पोलिसात भरती झाली त्या बापाचं. माझं स्वतःचं नाव एकदाही त्यातून निघालं नव्हतं. निघायला कारणच नव्हतं. मग आमच्या गोठ्यात एक कारण वाढायला लागलं.

ती जन्मली आणि तिची आई मेली. इवलीशी रेडी, पाय लटपटणारे, चीक प्यायलाही अंगात त्राण नव्हतं. आमच्या घरात तेव्हा चर्चा चालली की ही काही जगत नाही. मला असलं बोलणं सहन होत नाही. मी तिला गोणपाटावर घेतलं, शेजारच्या व्यालेल्या म्हशीचा चीक आणून बाटलीनं पाजला, आणि तेव्हापासून ती माझी. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, कागलच्या एमआयडीसीत कामाला, त्यांच्या पाळ्या बदलत्या. त्यामुळे वैरण, शेण, धार सगळं माझ्याकडेच. मी गोठ्याच्या दारातून "आऽऽगं ये गं माज्ये बाई" अशी हाक घातली की ती चरत असेल तिथून मान वर करून निघायची. पुढे ती अशी देखणी निघाली की रस्त्यानं जाणारे पावणे गाडी थांबवून विचारायचे, "म्हस कुणाची हो?" पाठीमागे वळलेली लांब शिंगं, तेल लावलं की अंगात तोंड दिसावं असा काळा रंग. विचारणाऱ्याला उत्तर द्यायला माझे धाकटे दीर कायम पुढे. "आमची की!" म्हणायचे, छाती काढून.

भावजी वाईट माणूस नाही. फक्त त्यांना वाटतं, जे मोठ्यानं सांगता येतं ते आपलं.

कोल्हापूरकडे दिवाळीच्या पाडव्याला म्हशींचा थाट असतो हे इकडच्या माणसाला सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते. म्हशी भादरून, तेल लावून, शिंगं रंगवून, मोरपिसं नि गोंडे बांधून रस्त्यावर आणतात. मालक सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलीवर पुढे फटफटत सुटतो आणि त्याची म्हैस मागे धावते. आमच्या गावात वेशीपासून पंचायतीपर्यंत सगळ्या एकदम सोडतात. दावं नाही, काठी नाही, अंगाला हात नाही. मालकाच्या हाकेवर जी पहिली पंचायतीसमोर येईल ती मानाची म्हैस. तिला हार घालतात, आणि मालकाचं नाव भोंग्यावरून गावाला सांगतात.

आता कळलं ना मला काय हवं होतं? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जेवताना मी सरळ बोलून टाकलं. "यंदा म्हैस उतरवायची, आणि मालक म्हणून माझं नाव लावायचं."

भावजींना ठसका लागला. "वैनी, आवो गाडी कोण चालिवणार? बायमाणूस म्हशीम्होरं पळाल्यालं कुनी बघितलंय का? माझं नाव लावतो. घरातलंच हाय की."

सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या भाकरी मोडत म्हणाल्या, "बघू की." आत्तींच्या "बघू की"चा अर्थ मला इतक्या वर्षांत लागलेला नाही. भावजींनी त्याचा त्यांना हवा तो अर्थ लावला आणि सकाळी जाऊन स्वतःचं नाव देऊन आले. मी दोन दिवस त्यांना चहा दिला, पण साखर घातली नाही.

तरी सराव मीच करून घेतला. माझ्या म्हशीचं हसं व्हावं हे मला परवडणारं नव्हतं. रोज सकाळी मळ्याच्या वाटेवर भावजी गाडी चालवायचे, मी मागे उलटी बसायची आणि हाका मारायची. म्हैस अशी धावायची की भावजींना गिअर बदलावा लागायचा. "बघितलं का," ते दर वेळी म्हणायचे, "कशी माझ्या गाडीचा आवाज वळखतीया!" मी म्हशीची पाठ थोपटायची. खरं बोलले असते तर ते आम्हा दोघींना तिथंच सोडून गाडी घेऊन गेले असते.

पाडव्याच्या सकाळी आमचे चाचा आले. गावातल्या म्हशी भादरायचं काम त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या आहे, आणि शर्यतीचे पंचही तेच, कारण त्यांच्या हाताखालून गेली नाही अशी म्हैस गावात नाही. त्यांनी तिला भादरलं, मी तेल लावलं, शिंगांना हिंगूळ लावला, कपाळावर मोरपिसांचा तुरा बांधला. सगळं झाल्यावर मी पदर खोचून गाडीवर बसायला गेले तर मागच्या सीटवर भावजींचा मित्र, गॉगल लावून.

"वैनी, लोकांत बरं दिसत न्हाय," भावजी म्हणाले. "तुमी तिकडं माईकवर बगा की."

रागानं माझे कान तापले. पण माईक तर माझाच होता, मी नसते तर शर्यत कुणी सांगितली असती? गेले पंचायतीवर. गॅलरीतून वेशीपर्यंतचा सरळ रस्ता दिसतो. खाली चौकात ही गर्दी. समोरच्या देवळाच्या कट्ट्यावर बायका, त्यांत आत्ती, अगदी भोंग्यासमोर.

पंचायतीच्या पायरीवर उभ्या चाचांनी टॉवेल खाली टाकला आणि तिकडे वेशीत गाड्या पेटल्या. धूर, धुरळा, फटफटाट. मी सांगू लागले, "म्हशी सुटलेल्या आहेत, लहान मुलांना रस्त्यातून मागे घ्यावे." वरच्या गल्लीतल्या पैलवानाची म्हैस सगळ्यांच्या पुढे होती, गेल्या वर्षी मान तिलाच होता. एक म्हैस निम्म्यात वळून आपल्या गोठ्यात शिरली. एकीला कुणाच्या तरी दारातला झेंडूचा हार आवडला. आणि आमची वेशीतच उभी. भावजी पुढे जाऊन मागे आले, परत गाडी ताणली, मित्र घसा फाडून ओरडत होता. ती त्या दोघांकडे अशी बघत होती जणू ते काही विकायला आले आहेत.

लोक हसायला लागले. खरं सांगते, आधी मलाही बरं वाटलं. घ्या आता, ओळखतेय ना गाडीचा आवाज? मग कुणीतरी ओरडलं, "अरं ती म्हस हाय का पुतळा!" आणि माझं डोकं सटकलं. भावजींना काय हवं ते म्हणा, तिला म्हणायचं काम नाही. कळविण्यात येते वगैरे सगळं विसरून मी माईक तोंडाशी धरला आणि ओरडले, "आऽऽगं ये गं माज्ये बाई!"

भोंग्याचं तोंड वेशीकडेच आहे. तिचे कान हलले, मान वर झाली, आणि ती निघाली. चाल नाही, दुडकी नाही, थेट धाव. गोंडे उडत होते, मोरपिसं मागे आडवी झाली होती. भावजी घाईघाईनं गाडी वळवून तिच्या मागे लागले. गाडी म्हशीच्या मागे अशी आमच्या गावातली ही पहिलीच शर्यत. पैलवानाची म्हैस इकडे पाण्याच्या हौदापाशी पोचली होती आणि रोजच्या सवयीनं तिथं थांबली. पैलवान विनवण्या करत होता, ती सावकाश पाणी पीत होती. मी हाका मारतच राहिले. माझा आवाज फाटला, मला पर्वा नव्हती. आमची तिच्या शेजारून गेली, तिच्याकडे न बघता, आणि पंचायतीच्या पायरीला नाक लावून उभी राहिली. फुसफुसत, मला शोधत.

चौकात एकच दंगा उसळला. पैलवान धावत आला. "ही न्हाय चालत! इंजनाच्या मागनं आली न्हाय, भोंग्याच्या मागनं आली!"

चाचांनी हात वर केला. "गाडीचा नियम न्हाय, हाकंचा नियम हाय. हाक मालकाची पायजे. नाव कुणाचं लावलंय?"

"ह्यांचं," लोक म्हणाले, आणि भावजींना पुढे ढकललं.

मी गॅलरीतून खाली उतरले होते, बिनवायरचा माईक हातातच. चाचांनी तो माझ्याकडून घेऊन भावजींसमोर धरला. "बाबा, हाक तर सूनबाईंची हुती. तू मालक असशील तर म्हस बाद. इचार करून बोल. म्हस कुणाची हाय?"

भावजींचं तोंड धुरळ्यानं भरलेलं. त्यांनी पैलवानाकडे बघितलं, मित्राकडे बघितलं. मित्र गॉगल पुसत होता. मला त्यांचा स्वभाव माहीत आहे. हरलेलं चालेल, पण चारचौघांत कमीपणा नको. माझ्या म्हशीनं एवढी धाव घेतली आणि ती एका माणसाच्या मिशीपायी बाद व्हायची, या विचारानं मला रडू यायला लागलं. मी रडत नाही, म्हणून मी त्यांच्याकडे डोळे वटारून बघत राहिले.

म्हशीनं मध्येच मान घालून माझ्या खांद्याला तोंड घासलं. सगळ्या साडीला फेस.

भावजी ते बघत होते. मग त्यांनी माईक जवळ ओढला. "म्हस वैनीची हाय," ते म्हणाले. सगळ्या गावानं ऐकलं, मळ्यात पाणी पाजणाऱ्यांनीही ऐकलं असणार. मग गाडीकडे बोट करून म्हणाले, "मी निस्ता डायवर हाय."

त्यानंतरचा आवाज मला सांगता यायचा नाही. शिट्ट्या, हलगी, टोप्या वर. पैलवानानं स्वतः हार आणून तिच्या शिंगांत अडकवला, आणि शर्यतीत नाही तरी मनानं तो मोठा निघाला. चाचांनी गुलाल उधळला, तो म्हशीपेक्षा माझ्यावर जास्त पडला.

"आता जाहीर करा की," चाचा म्हणाले आणि माईक माझ्या हातात दिला. "तुमचंच काम हाय हे."

मी सुरुवात केली. "ग्रामस्थांना कळविण्यात येते की, यंदाच्या पाडव्याची मानाची म्हैस..." आणि गाडी अडली. गावभरच्या लोकांची नावं घेताना कधी न अडखळलेली जीभ टाळूला चिकटली. मी डोळे मिटले आणि माझं नाव, मालकांचं नाव, आडनाव असं एका दमात बोलून टाकलं. बाहेर पडलं खरं, पण घाईत, चोरी केल्यासारखं.

तेवढ्यात समोरच्या कट्ट्यावरून आत्ती उठून उभ्या राहिल्या. भोंगा तर त्यांच्या अगदी समोर होता, कानही त्यांचे अजून चांगले तिखट आहेत.

"ऐकू आलं न्हाय!" त्या ओरडल्या. "परत सांग!"

मी परत सांगितलं. सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, गावाच्या शेवटच्या घरापर्यंत जाईल असं.