वर्तुळातल्या अक्षता

विजेवर चालणारी, उभ्या उभ्या चढणारी-उतरणारी हवाई टॅक्सी आमच्या गावाबाहेर येणार, म्हणून तिच्यासाठी तळ बांधला. तळ म्हणजे काँक्रीटवर पांढरं वर्तुळ आणि कडेला चार्जिंगचा खांब, बस. पहिल्या चाचणीला नारळ फोडायचा मान वयामुळे मला मिळाला. त्यासाठी बाजूला दगड ठेवला होता, पण मी कसला ऐकतोय! नारळ थेट वर्तुळाच्या मधोमध आपटला, वर मूठभर अक्षताही उधळल्या.

सफाईच्या सुमनताई धावतच आल्या. "अहो काका, काय केलंत हे! वाऱ्यानं करवंटीचा तुकडा उडून पंख्यात गेला म्हणजे?"

विमान दिसू लागलं होतं. बॅटरी मोजकीच, त्यामुळे फार वेळ वर थांबता येणार नाही; जागा साफ नसेल तर ते परत फिरणार.

"उतरू देऊ का?" वायरलेसवर बसलेल्या इंजिनीअरनं ताईंनाच विचारलं.

"दोन मिनिटं थांबवा." त्या गुडघ्यांवर बसल्या. धोतर सावरत मीही बसलो आणि करवंटीचा तुकडा न् तुकडा, अक्षतांचा दाणा न् दाणा वेचू लागलो. शेवटी त्यांनी काँक्रीटवरून तळहात फिरवला, मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि म्हणाल्या, "आता येऊ दे."

ते यंत्र पानासारखं अलगद टेकलं. जन्मभर मी उडणाऱ्या गोष्टींकडे मान वर करूनच पाहिलं. त्यांच्यासाठी खाली कुणी गुडघे टेकत असेल, हे कधी डोक्यातच आलं नाही.

पंखे थांबले, तेव्हा कुठे सुमनताईंनी जमिनीवरची नजर काढली.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "केवढं आहे हे!"