चादरीवरचा मास्तर

सक्करदऱ्यात माझ्या गॅलरीसमोरच्या घरात एक गृहस्थ राहतात. नाव ठाऊक नाही, पोट मात्र रोज दिसतं. कोराडीच्या वीज केंद्रातली ड्युटी करून आले की फरशीवर जुनी चादर अंथरून आडवे होतात आणि आपल्या दोन चिमुकल्या मुलींना म्हणतात, "हं, लावा जोर!"

मुली चादर ओढतात. गृहस्थ तसूभरही हलत नाहीत. आतून बायकोने काम सांगितलं, तर डोळे न उघडता उत्तर येतं, "अवं, पोरींले वजन शिकवून राहिलो ना! बाप उठला तं त्या ओढतीन काय?"

इतक्या निष्ठेने शिकवणारा माणूस मी पाहिला नाही.

परवा ऐन स्वयंपाकात त्यांचा सिलेंडर संपला. बायको बाहेर आली आणि तिने चादरीपुढच्या फरशीवर अंगाला लावायच्या पावडरचा अख्खा डबा उपडा केला. मुलींनी जोर लावला, आणि गृहस्थ चादरीसकट सरकत थेट कोपऱ्यात ठेवलेल्या दुसऱ्या, भरलेल्या सिलेंडरपाशी पोचले.

"पाह्य वं, शिकल्या पोरी!" ते अभिमानाने म्हणाले.

"शिकल्या ना? मंग उठा," म्हणत ती त्याच चादरीवर आडवी झाली. "आता मी शिकवतो."

सिलेंडर उचलताना त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, त्यावरून वजन म्हणजे काय ते मला गॅलरीत बसून कळलं.