प्रश्नचिन्हांचं वाचन

विनायकची, माझ्या नवऱ्याची, दृष्टी गेल्यावर आम्ही मजकूर मोठ्यानं वाचणारं सॉफ्टवेअर घेतलं. त्यानं पहिल्यांदा ऐकावं म्हणून लग्नानंतरच्या आमच्या वेंगुर्ल्याच्या सहलीबद्दल मी हौसेनं चार पानं टाइप केली होती. तो हेडफोन लावून बसला, आणि त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"प्रश्नचिन्ह, प्रश्नचिन्ह, प्रश्नचिन्ह," तो म्हणाला. "एवढंच ऐकू येतंय."

पडद्यावर पाहिलं, तर खरंच एकही अक्षर उरलं नव्हतं. दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"ताई, फाइल सेव्ह होताना कॉम्प्युटरनं मराठी ओळखलीच नाही. सेटिंग बदलून देतो, पण गेलेली अक्षरं परत येणार नाहीत."

भाषेची ओळख नसताना कॉम्प्युटरनं इतकी पानं ठेवून तरी कशी घेतली, मला कळेना. माणसंही कधीकधी असंच ऐकून घेतात.

"मग तूच सांग," विनायक म्हणाला.

"समुद्र अगदी निळा होता," मी सुरुवात केली.

"निळा कुठला? आभाळ भरून आलं होतं. करडा होता."

मी निळा लिहिला होता की करडा, काही केल्या आठवेना. तो मात्र शांतपणे तो करडा समुद्र बघत बसला होता. मला कुठलाच दिसत नव्हता.