पियानोच्या वाट्याचं पाणी

लातुरात मोठमोठे व्यापारी होऊन गेले, पण भर दुष्काळात पियानोला पाणी पाजणारा माणूस एकच, तो म्हणजे आमचे घरमालक अप्पा. तुरीची आडत सांभाळून उरल्या वेळात ते पियानो वाजवतात, असं लोक म्हणत. खरा प्रकार उलटा होता. हैदराबादच्या कुठल्याशा लिलावातून उचललेलं ते धूड ओसरीवर येऊन बसलं आणि आडत उरल्या वेळावर गेली. त्यात लातूरचा नवा जिल्हा झाला, मग तर अप्पांना चेवच आला. "मास्तर, तालुक्याला पेटी चालून जाती," ते मला म्हणाले, "जिल्ह्याला पियानोच पाहिजे." आणि आपल्याच अंगणात जाहीर कार्यक्रम ठरवून मोकळे झाले.

त्यासाठी एक विलायती गत त्यांनी बसवायला घेतली होती. ती शेवटपर्यंत ऐकलेला माणूस गावात नव्हता. पाहुणे मधूनच उठायचे, हमाल उठायचे, एकदा तर सख्खे जावई उठले नि त्यांनी थेट उदगीरची एस.टी. धरली. "एकदा कुणी पुरती ऐकावी, बस," एवढंच अप्पांचं मागणं. रियाजाला काळवेळ नव्हता. जेवताना ताटाच्या कडेवर, पूजेत पाटावर बोटं चालूच. मोंढ्यात तेव्हा रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. अप्पांनी एकदा रुमालाखाली समोरच्याचा हात धरला आणि तंद्रीत त्यावर आख्खी गत वाजवली. त्या बोटांचा समोरच्यानं जो हिशेब लावला, त्या भावात तूर कसली, बदाम आले असते. तो लगेच म्हणाला, "सौदा पक्का." शब्द मोडतील ते अप्पा कसले! तूर घेऊन घरी आले आणि बायकोला म्हणाले, "काही म्हण, पण एकबी बोट चुकलं न्हाई."

त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. अक्कांचं भांडण तुरीवरून नव्हतंच, पाण्यावरून होतं. लाकूड कोरडं पडून सूर फाटू नये म्हणून पियानोच्या पोटात पाण्याचा तांब्या ठेवा, असं दुरुस्तीवाल्यानं सांगून ठेवलेलं. आणि टँकर कधी येईल याचा नेम नाही. "हितं माणसाला पाणी न्हाई अन् ह्या लाकडाला तहान लागून राहिली," अक्का रोज म्हणत. टँकरपाशी त्यांच्यापुढे घागर लावायची कुणाची छाती नव्हती.

कार्यक्रमाला अंगण भरलं. अप्पांनी नवा फेटा बांधला होता. नमस्कार करून ते सुरू झाले. निम्मी गत झाली असेल नसेल, बोळाच्या तोंडाशी टँकरचा हॉर्न वाजला. मग काय विचारता, अध्यक्षसुद्धा धोतर सावरत पळाले. मीही बादली उचलली. "अक्का, चला की," म्हटलं.

अक्का जागच्या हलल्या नाहीत. "तुमी जावा," म्हणाल्या.

परत आलो तर कलंडलेल्या खुर्च्यांत त्या एकट्याच बसलेल्या, पायाशी कोरडी घागर. अप्पांचे हात शेवटच्या सुरावर होते.

"संपलं का?" अक्कांनी विचारलं.

"हाव."

"चांगलं हाय."

मग त्या उठल्या आणि मला न विचारता माझ्या बादलीतून तांब्याभर पाणी घेतलं. मला वाटलं, अप्पांना देतील. त्यांनी पियानोची खालची फळी सरकवली आणि तांब्या आत ठेवला.

अप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. ती गत पुढं कशी होती, ते मला आजतागायत ठाऊक नाही. विचारायला अक्काही आता राहिल्या नाहीत.