तीन बकलांचं कव्हर

कबूल केलेल्या दिवशी वस्तू न देण्यात माझ्या मामांचा हात धरणारा कारागीर कोल्हापुरात झाला नाही, आणि पुढे होईल असं वाटत नाही. चपला ते वेळेवर द्यायचे. पण कुणी परवान्याच्या पिस्तुलासाठी कमरेचं चामडी कव्हर शिवायला टाकलं, की मामांना एकाएकी कसलीच घाई उरत नसे.

कॉलेजची तीन वर्षं मी त्यांच्या घरी राहिलो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि त्यातला निम्मा वाटा मामांचा. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं. म्हणून रोज सकाळी मोबाइलवरचा पेपर मी मोठ्यानं वाचायचा आणि चामडं कापता कापता त्यांनी सगळ्या पुढाऱ्यांची हजेरी घ्यायची, असा आमचा नेम होता.

कव्हराची त्यांची रीत वेगळीच. खरं पिस्तूल ते दुकानाची पायरी चढू देत नसत. त्याचा आकार कागदावर काढून आणायचा, त्यावरून सुतार लाकडी नमुना करणार, आणि त्या नमुन्यावर भिजवलेलं चामडं दाबून बसवायचं. मग गिऱ्हाइकाला रस्त्यावर चालायला लावायचे. एका मिशाळ गृहस्थांना त्यांनी चहाच्या गाड्यापर्यंत चार हेलपाटे घालायला लावले आणि म्हणाले, "पावणं, तुमचा हात सारखा कमरंकडं जातोय. आधी हात हलवत चालायला शिका, मग या." पितळी बकलांवर ते स्वतः वेलबुट्टी कोरायचे. एका कव्हराला तीन बकलं. दिसायला देखणी, उघडायला महाकठीण. मी एकदा म्हटलं, "मामा, एक पुरे की." तर म्हणाले, "पयल्याला माणूस तापलेला असतोय. दुसऱ्याला बोटं दुखत्यात. तिसऱ्यापातूर घरची आठवण येतीया."

मी दुसऱ्या वर्षाला असताना पेठ वडगावकडचे एक बागायतदार आले. धाकट्या भावाशी विहिरीच्या पाण्यावरून बिनसलेलं. पहिल्याच दिवशी बोलून गेले, "एकदा कमरंला लागू दे, मग बघतो त्याच्याकडं." मामांनी माप घेतलं आणि पुढच्या आठवड्यात बोलावलं. पुढच्या आठवड्यात चामडं ओलं होतं. त्याच्या पुढच्याही. बाहेर एप्रिलच्या उन्हात डांबर पाघळत होतं.

"अवो, अजून वाळंना व्हय?"

"जाड कातडं हाय. बसा, च्या घ्या. भाऊ किती शिकलाय म्हणालासा?"

असे दोन महिने गेले. भाऊ किती शिकला, त्याला खांद्यावर बसवून जोतिबाला कसं नेलं, लहानपणी तापात त्याचा एक कान कसा अधू झाला, सगळं निघालं. पण शेवटी वडगावचे पाहुणे भडकले. "आज न्हाय दिलंसा तर रेडिमेड घेतो!" रेडिमेडला एकच बटण, चुटकीसरशी उघडणारं. मामांनी मुकाट्यानं कव्हर काढून दिलं.

दुसऱ्या दिवसापासून पुढारी मागे पडले. "वडगावचं बघ आधी," मामा म्हणायचे. मी सगळ्या बातम्या चाळून "काय न्हाय, मामा" म्हणेपर्यंत त्यांच्या कपातला चहा तसाच असायचा. माझ्या शिक्षणाचा एवढा उपयोग त्याआधी कुणाला झाला नव्हता.

दसऱ्याच्या आधी पाहुणे परत आले. खंडेनवमीच्या पूजेसाठी कव्हराला पॉलिश करून हवं होतं. बाहेर कुणीतरी मोटारसायकल चालूच ठेवून बसलं होतं.

"ते कोण?"

"धाकटा. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून तोच घेऊन फिरतोय. बोलत न्हाय अजून."

मामा हातातला ब्रश ठेवून बाहेर गेले. मीही मागून गेलो.

"कानाला आता बरं ऐकू येतंय न्हवं?" मामांनी मोठ्यानं विचारलं.

तो दचकला. "तुमास्नी कुणी सांगितलं?"

"तुझ्या दादानं. दोन म्हैनं इथं बसून दुसरं काय बोललाच न्हाय."

तो दुकानाकडे बघत बसला, आणि मग त्यानं हात पुढे करून गाडी बंद केली.

मामांचे हात आता थरथरतात, शिवणं सुटलं. मी नोकरीसाठी जयसिंगपूरला असतो. पण गाडी बंद झाल्यावर ते दोघे भाऊ चहाचे कप घेऊन एकाच बाकावर, एकमेकांकडे न बघता बसले होते, आणि मामा आत त्या कव्हराला उगाचच पुन्हा पुन्हा पॉलिश करत होते, ते मला अजून दिसतं.