करंज्याच्या धक्क्यावरचं उदाहरण

शैलेशचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये डबा खात होते. "अप्पा गेले," तो म्हणाला. "सकाळी, झोपेतच." मी "बरं" म्हणाले आणि मग घाईघाईने "येते" म्हणाले. फोन ठेवला आणि उरलेली पोळीभाजी संपवली. अशा वेळी घास घशाखाली उतरत नाही म्हणतात… माझा उतरला. इथूनच सुरुवात केलेली बरी, कारण गेल्या काही आठवड्यांत अप्पाकाकांबद्दल जे जे छापून आलं ते वाचून, आपण ज्यांना ओळखत होतो ते हेच का, असं मला वाटायला लागलंय.

अप्पाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, शैलेश त्यांचा मुलगा. पनवेलमध्ये एका औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर त्यांचा अकरावी-बारावीचा फिजिक्सचा क्लास होता. शिकवायचे उत्तम. हे लिहायला मला आवडत नाही, पण ते खरं आहे. "वस्तुमान म्हणजे तुमच्यात काय आहे ते. वजन म्हणजे तुम्ही उभे आहात ती जागा तुम्हाला किती ओढते ते. जागा बदलली की वजन बदलेल, वस्तुमान नाही." एवढ्या तीन वाक्यांत अख्खा धडा संपायचा. अडचण पुढे होती. त्यांना उदाहरणाला माणूस लागायचा. वर्गातल्या एका जाड मुलाला ते दर वेळी उभं करत. "हा चंद्रावर गेला तर वजन सहाव्या हिश्शाएवढं होईल. काटा खूश, हा खूश. पण दारातून जाताना अडकायचा तो अडकणारच." वर्ग हसायचा. तो मुलगाही हसायचा, आणि खाली बसताना शर्ट ओढून सारखा करायचा.

मीही त्याच क्लासला होते, आणि मनीषा माझ्या बाकावर बसायची. ती करंज्याची, वडिलांची स्वतःची मासेमारीची बोट, आणि शिकण्यासाठी पनवेलला मावशीकडे राहिलेली. तिच्या बोलण्याची अप्पाकाका नक्कल करायचे. "समजलं हाय की नाय?" असं तिच्याकडे बघून विचारायचे. ती मान खाली घालत नसे, याचा त्यांना जास्त राग असावा. एकदा ते अंतराळयानाबद्दल सांगत होते, आत सगळं कसं तरंगतं वगैरे. मनीषा उभी राहिली. "सर, तिथं वजन जाणवतच नाय, तर मोठी पेटी अंगावर आली तर ती थांबवायला जोर लागंल का?" हा त्या वर्षभरात वर्गात विचारला गेलेला सगळ्यात चांगला प्रश्न होता. अप्पाकाकांनाही ते कळलं, त्यांचा चेहराच बदलला. म्हणाले, "तुझ्याच गावच्या बंदरात दाखवतो."

पुढच्या रविवारी आम्ही सगळे करंज्याला गेलो. मनीषाच्या आईने सगळ्यांना चहा दिला. तिच्या वडिलांची बोट धक्क्याला बांधलेली होती, मासळी उतरवून रिकामी झालेली. अप्पाकाका रंगात आले. "हिचं वजन आत्ता कोण पेलतंय?" पाणी, आम्ही म्हणालो. "बरोबर. म्हणजे उचलायचा प्रश्न नाही. मनीषा, ढकल." ती धक्क्याच्या खालच्या पायरीवर उतरली, दोन्ही हात बोटीच्या फळीवर टेकले आणि जोर लावला. एवढी मोठी बोट हळूच हलली आणि दूर गेली. आम्ही टाळ्या वाजवल्या. दोरखंड ताणला गेला, पाणी फुगलं, आणि बोट परत यायला लागली. "आता थांबव," अप्पाकाका म्हणाले. "एका हाताने. वस्तुमान काय असतं ते कळू दे." पलीकडे तिचे वडील जाळं पसरत होते. ते ओरडले, "मनी, हात काढ, हात काढ." तिने सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "थांबव."

बोट जोरात आली नाही. माणूस जेवून शतपावली करतो ना, तितक्याच वेगाने आली. म्हणूनच ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही… तिला घाई नव्हती आणि ती थांबतही नव्हती. मनीषाचा उजवा हात फळी आणि दगडाच्या मध्ये सापडला. दोन बोटं काढावी लागली.

अप्पाकाकांनी दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला क्लास उघडला. त्या आठवड्यात मनीषाचे वडील आले. चप्पल बाहेर काढून दारातच उभे राहिले. "सर, तुमी तिला थांबव म्हनालात का?"

"मी बोट थांबव म्हणालो. हात मध्ये घाल असं म्हणालो नाही."

"मग बोट थांबवायची कशानं?"

अप्पाकाकांनी फळ्याकडे तोंड केलं. "क्लासची वेळ झालीय," म्हणाले. तो माणूस चप्पल घालून जिना उतरला. मी घरी सगळं सांगितलं, काकांचे शब्द जसेच्या तसे. वडील म्हणाले, "तो सांगेल तेच आपणही सांगायचं." मी म्हणाले, मी माझ्या कानांनी ऐकलंय. आई म्हणाली, "आधी जेव."

मनीषा क्लासला परत आली नाही. डाव्या हाताने लिहायला शिकली आणि पुढच्या वर्षी बारावीला बसली. आणि त्याच वर्षीच्या नव्या मुलांना अप्पाकाकांनी ती गोष्ट सांगायला सुरुवात केली. "एका मुलीला वजन आणि वस्तुमान यातला फरक कळत नव्हता. दोन बोटं गेली तेव्हा कळला." मग दर वर्षी. प्रश्न तिने विचारला होता हे गोष्टीतून गेलं, "थांबव" म्हणणारे सर गेले, राहिली ती फक्त एक अडाणी मुलगी.

शेवटच्या आजारपणात मी त्यांना एकदाच भेटले. अंगावर मांस उरलं नव्हतं, चादरीखाली माणूस आहे हे पटत नव्हतं. काकू आत गेल्यावर मी म्हणाले, "काका, मनीषाला फरक ठाऊक होता. तिनेच तर विचारलं होतं." त्यांनी डोळे मिटले. म्हणाले, "पोरांच्या लक्षात राहायचं ना…" आणि मग पंखा कमी करायला सांगितला.

शोकसभा गच्च भरली होती. इंजिनियर झालेले, परदेशातून आलेले, सगळे भरभरून बोलले. त्यातल्या एकाने ती गोष्ट काढली. "सरांचं ते बोटांचं उदाहरण आठवतं का?" आणि लोक हसले, प्रेमाने हसतात तसे. मी उभी राहिले. माईक मागितला नाही, गरज पडली नाही. म्हणाले, "त्या मुलीचं नाव मनीषा. करंज्याची. तिला फरक कळत होता. बोट हाताने थांबव असं सरांनी सांगितलं, तिचे वडील नको म्हणत असताना सांगितलं. मी तिथे होते." सूत्रसंचालकाने पुढचं नाव पुकारलं. शैलेश तेव्हापासून माझ्याशी बोललेला नाही, आणि त्याची मी समजूत घालणार नाही.

त्या संध्याकाळी मनीषाला फोन केला. ती आता उरणला असते, बंदरातल्या एका कंपनीत नोकरीला आहे. सगळं सांगितलं. "नाव सांगितलंस ते बरं केलंस," ती म्हणाली. मग म्हणाली, "पन शिकवायचे चांगले गं. वाईट शिकवत असते तर कवाच विसरले असते मी त्यांना."

विसरणं मलाही जमलेलं नाही. आमच्या मंडईत एक कांदेवाला अजून दोन पारड्यांची तागडी वापरतो. तो एका पारड्यात वजन ठेवतो, दुसऱ्यात कांदे टाकत जातो, आणि दांडी सरळ व्हायला लागली की माझ्या डोक्यात अप्पाकाका सुरू होतात. ही तागडी चंद्रावर नेली तरी हे कांदे एवढेच भरतील. दोन्ही पारड्यांची ओढ सारखीच कमी होते. स्प्रिंगचा काटा मात्र फसेल. शब्द त्यांचे, आवाज त्यांचा, "फसेल"वर दिलेला तो जोरसुद्धा त्यांचाच. मध्येच तोडायचा प्रयत्न करून पाहिला, जमत नाही. "ताई, पिशवी," कांदेवाला म्हणतो. वाक्य संपेपर्यंत मी तशीच उभी राहते, मग पिशवी पुढे करते.